शिमग्याचा मुखवटा आणि पाठलागपट : एका विद्यार्थी-चित्रपटाच्या पूर्वतयारीविषयी

विद्यार्थ्यांनी चित्रपट काढावयाचा म्हटला की बहुधा प्रथम कथा लिहिली जाते आणि मागाहून ती कोणत्या प्रकारात बसते याचा विचार होतो. गेल्या सत्रात आमच्या पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांनी उलटी वाट धरली. वीस मिनिटांचा भयपट काढावयाचा, तो ‘स्लॅशर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारचा असावयाचा, आणि त्याचे स्थळ रत्नागिरीजवळच्या आंब्याच्या बागेतील एक बंद घर असावयाचे, एवढे त्यांनी आधी ठरविले. शिमग्यासाठी मुंबईहून आलेली चार चाकरमानी भावंडे, वडिलोपार्जित घराचे उघडलेले कुलूप, आणि रात्री कोयता घेऊन फिरणारा एक मुखवटेधारी, असा आराखडा होता. मुखवटा संकासुराचा. हे टिपण प्रस्तुत लेखकाच्या हाती आले तेव्हा पाहताक्षणीच आवडले. दोन दिवसांनी तेच मनात खटकू लागले. ते का आवडले आणि का खटकले, या दोन्ही प्रश्नांचा उलगडा करावयाचा तर या चित्रप्रकाराचा अभ्यास कसा करावा येथूनच प्रारंभ केला पाहिजे. कारण विद्यार्थ्यांनी चित्रपट पुष्कळ पाहिले होते, परंतु ते पाहणे अभ्यास या संज्ञेस पात्र नव्हते.

प्रथम नावाविषयी. ‘स्लॅशर’ या शब्दास रूढ मराठी प्रतिशब्द नाही. वर्गात विनोदाने ‘कोयतापट’ हे नाव चालते व ते वाईट नाही. तथापि त्यात शस्त्रावर भर आहे. व्हेरा डिका या अभ्यासिकेने १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘हॅलोवीन’ (१९७८) व ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) आणि त्यांच्या आगेमागे निघालेल्या चित्रपटांचा विचार करताना पाठलागावर भर देणारे नाव योजिले आहे. त्यास अनुसरून येथे ‘पाठलागपट’ हा शब्द वापरला आहे. डिका यांनी दाखविलेली रचना साधी आहे. पूर्वी केव्हातरी एक अपराध घडलेला असतो. त्या अपराधाचा वर्धापनदिन म्हणावा असा एखादा सण अथवा दिवस उजाडतो. आणि जुना हिशोब नव्या पिढीकडून वसूल केला जातो. सण हा येथे केवळ देखावा नव्हे. माणसे आपल्या नेहमीच्या जागा सोडून एकत्र येतात, दारे उघडी राहतात, मुखवटा घातलेल्या माणसाकडे कोणी संशयाने पाहत नाही, ही सर्व सोय सणामुळे होते. कॅनडात निघालेल्या ‘ब्लॅक ख्रिसमस’ (१९७४) या चित्रपटाने नाताळाचा असाच उपयोग केला होता. शिमगा या दृष्टीने किती अनुकूल आहे हे कोकणी वाचकास सांगावयास नको.

या प्रकाराची वंशावळ विद्यार्थी सहसा आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’पासून (१९६०) मोजतात. त्याच वर्षी मायकेल पॉवेल यांचा ‘पीपिंग टॉम’ निघाला, आणि इटलीत मारिओ बाव्हा यांनी १९७१ साली एका उपसागराकाठच्या मालमत्तेसाठी चाललेल्या खूनसत्रावर चित्रपट काढला; ही दोन नावे गाळली जातात ती गाळू नयेत. विशेषतः बाव्हांचा चित्रपट, कारण त्यातील सर्व हत्यांच्या मुळाशी जमिनीचा वारसा आहे. ‘सायको’तील स्नानगृहाच्या दृश्याचे सुमारे ७८ कॅमेरा-मांडण्या आणि ५२ काप हे आकडे सर्वांना पाठ असतात. परंतु हिचकॉक यांनी हा चित्रपट आपल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या कर्मचाऱ्यांकडून, आठ लाख डॉलरांच्या आसपास खर्चात, कृष्णधवल फितीवर करून घेतला, आणि त्यात वाहणारे रक्त चॉकलेटच्या पाकाचे होते, ही माहिती विद्यार्थी-चित्रपटाच्या दृष्टीने अधिक उपयोगाची आहे. बर्नार्ड हर्मन यांनी त्यास केवळ तंतुवाद्यांचे संगीत दिले. काटकसर येथे शैली झाली आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. असे चित्रपट पाहून जे वाटते ते भय की किळस? आपल्या काव्यशास्त्राने या दोहोंची फारकत फार पूर्वीच केली आहे. नाट्यशास्त्रात भयानकाचा स्थायीभाव भय आणि बीभत्साचा जुगुप्सा. दोन्ही रस स्वतंत्र मानिले आहेत. भयानकाचे उदाहरण म्हणून अभिनवगुप्त जो श्लोक घेतो तो शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील पळणाऱ्या हरिणाचा आहे. तेथे बाण लागलेला नाही, रक्त नाही, जखम नाही. मान वळवून मागे पाहणारे एक जनावर आणि त्याच्या मागे येणारा रथ एवढेच आहे. पाठलागपटाची व्याख्या याहून नेमकी करणे कठीण आहे. या दृष्टीने पाहता ज्या चित्रपटांत शस्त्र शरीरात शिरताना दिसत राहते ते हळूहळू भयानकाकडून बीभत्साकडे सरकतात, आणि प्रेक्षक मान वळवून पडद्याकडे पाहण्याऐवजी मान फिरवून पडद्याकडे पाठ करतो. टॉम सॅव्हिनी यांच्या रंगभूषेने ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ गाजविला हे खरे; पण त्या यशाचा धडा घेऊन निघालेल्या अनेक चित्रपटांत रंगभूषाकाराखेरीज कोणाचेच काम ध्यानात राहत नाही.

उलट ‘हॅलोवीन’मध्ये रक्त जवळजवळ नाही. जॉन कार्पेंटर यांच्या या चित्रपटाचा अभ्यास आम्ही वर्गात तीन वेळा केला: एकदा नेहमीप्रमाणे, एकदा आवाज बंद करून, आणि एकदा पडदा झाकून केवळ कानांनी. तिन्ही वेळी हाती वही. प्रारंभीचे सुमारे चार मिनिटांचे, अखंड भासणारे दृश्य मारेकऱ्याच्या डोळ्यांनी दिसते. कॅमेरा अंगावर बांधून तोल सांभाळणारे तेव्हाचे नवे उपकरण त्यासाठी वापरले गेले. दृश्याच्या शेवटी मुखवटा दूर होतो आणि मागे सहा वर्षांचा मुलगा दिसतो. त्यानंतर पडद्यावर प्रत्यक्ष घडणारा दुसरा मनुष्यवध चित्रपटाचा निम्म्याहून अधिक भाग उलटून गेल्यावर येतो. मधल्या काळात काय आहे? एक आकृती कुंपणापाशी उभी असते आणि पुढच्या क्षणी नसते. विद्यार्थ्यांच्या पहिल्या आराखड्यात वीस मिनिटांत पाच खून होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

निर्मितीची हकीकत तर प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. खर्च सुमारे तीन लाख डॉलर, म्हणजे अमेरिकेच्या मानाने किरकोळ. चित्रीकरणाचे दिवस सुमारे वीस. कथा शरदऋतूतील आणि चित्रीकरण वसंतात, तेही हिरव्यागार दक्षिण कॅलिफोर्नियात! तेव्हा कृत्रिमरीत्या रंगविलेली वाळकी पाने रस्त्यावर पसरावयाची, दृश्य झाले की गोळा करून पिशव्यांत भरावयाची आणि पुढच्या रस्त्यावर पुन्हा पसरावयाची, असा उद्योग चालला होता. मुखवटा दुकानात मिळणारा, दोन डॉलरांहून कमी किमतीचा, एका लोकप्रिय नटाच्या चेहऱ्याचा. त्यावर पांढरा रंग फवारून चेहरा पुसून टाकला. संगीत दिग्दर्शकाने स्वतःच केले, आणि त्याची पाच मात्रांची चाल ही वडिलांनी लहानपणी शिकविलेल्या तालाची होती. सॅम रेमी यांनी ‘द ईव्हिल डेड’साठी (१९८१) भांडवल मिळावे म्हणून आधी १९७८ साली एक छोटा चित्रपट करून दाखविला, हेही याच संदर्भात पाहावे.

मराठीत या प्रकारचे काय आहे, असा प्रश्न स्वाभाविकपणे येतो. शुद्ध पाठलागपट आपल्याकडे विरळाच. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) अमेरिकेतील ‘चाइल्ड्स प्ले’वरून (१९८८) सुचलेला आहे, हे सर्वज्ञात आहे, परंतु रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याने आणि दिलीप प्रभावळकरांच्या तात्या विंचूने त्यास जे रूप दिले ते हास्य आणि भय यांचे मिश्रण असून त्याचे नाते बोलक्या बाहुल्यांच्या आपल्याकडील खेळाशी अधिक आहे. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) उसाच्या फडांनी वेढलेल्या घरात एका गर्भवतीस कोंडतो. ऊस येथे भिंतीचे काम करतो, आणि भयाच्या मुळाशी मुलींच्या हत्येचा खरा अपराध आहे. म्हणून या चित्रपटाचे भय उसने वाटत नाही. त्याचीच हिंदी आवृत्ती ‘छोरी’ या नावाने २०२१ साली आली. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’चे (२०१८) नाव तर आपल्याच जिल्ह्यातील खेड तालुक्याच्या गावाचे. तो पाठलागपट नव्हे, पण पावसाचे चित्रण कसे करावे हे पाहावयाचे असेल तर त्यास पर्याय नाही; त्याचे चित्रीकरण अनेक पावसाळ्यांवर पसरले होते, कारण निर्मात्यांना पाऊस नळाचा नको होता.

एका चित्रपटाविषयी मात्र थांबून लिहिणे भाग आहे. १९७६-७७ साली पुण्यात दहा माणसांच्या हत्या झाल्या. मारेकरी कलामहाविद्यालयातील विद्यार्थी होते. त्यांतील चौघांना १९८३ साली फाशी झाली. या प्रकरणावर आधारलेला ‘माफीचा साक्षीदार’ हा राजदत्त यांचा चित्रपट १९८६ साली आला. ‘सायको’च्या मुळाशीही १९५७ साली विस्कॉन्सिनमध्ये उघडकीस आलेले एक खरे प्रकरण होते; परंतु रॉबर्ट ब्लॉक यांनी कादंबरीत आणि हिचकॉक यांनी पडद्यावर ते इतके पालटले की मूळ बळींची ओळख त्यात उरली नाही. पुण्यातील त्या काळच्या संध्याकाळी, लवकर लागणारी दारे आणि ओळखीच्या हाकेलाही न उघडणाऱ्या कड्या ज्यांनी पाहिल्या त्यांच्यापैकी अनेकजण आज हयात आहेत. आपल्या विद्यार्थ्यांपैकी एकाने वृत्तपत्रांतील त्या वेळचा मजकूर ‘संदर्भसामग्री’ म्हणून जोडला होता. तो वाचावा, पण त्यातील एकही तपशील पटकथेत येऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. भयाचा अभ्यास करावयास ते प्रकरण उपयोगी आहे, भयाची सामग्री म्हणून नव्हे.

आता संकासुराकडे. रत्नागिरी जिल्ह्यातील शिमग्यात खेळ्यांबरोबर जो संकासुर येतो त्याचे रूप गावोगाव थोडेफार बदलते. तथापि काळा पायघोळ वेष, उंच निमुळती टोपी, चेहरा झाकणारा मुखवटा, कमरेला घुंगरू आणि हातात दोर ही चिन्हे बहुतेक ठिकाणी आढळतात. वेद पळविणारा आणि विष्णूकडून मारला जाणारा शंखासुर तो हाच. दक्षिण कोकणातील दशावतारातही प्रारंभी त्याचा प्रवेश असतो. मुले त्यास भितात आणि त्याच्या मागे धावतात. घाबरविणे आणि हसविणे ही दोन्ही कामे एकाच वेषाकडे आहेत. चित्रपटकार म्हणून पाहिले तर यापेक्षा चांगला मुखवटा विकत मिळणार नाही. शिवाय घुंगरू आहेत! मारेकरी दिसण्यापूर्वी ऐकू येणे ही या प्रकारातील मोठी सोय असते. येथे ती परंपरेनेच पुरविली आहे.

मग खटकले काय? कॅरोल क्लोव्हर यांचा १९८७ सालचा निबंध आणि १९९२ सालचा ग्रंथ विद्यार्थ्यांनी वाचला होता, पण त्यातील एकच कल्पना उचलली होती: शेवटी उरणारी मुलगी. तीही अर्धवट. जी मुलगी सद्वर्तनी ती वाचते, असा तिचा अर्थ केला जातो. क्लोव्हर यांचा मुद्दा याहून गुंतागुंतीचा आहे. ती मुलगी वाचते कारण ती पाहते. इतरांच्या ध्यानात न येणाऱ्या खुणा ती वाचते. आणि बहुसंख्येने तरुण पुरुष असलेला प्रेक्षक अखेरीस मारेकऱ्याचे डोळे सोडून तिच्या डोळ्यांनी पाहू लागतो. परंतु आपल्या आराखड्यास अधिक लागू पडणारे त्यांचे विवेचन वेगळेच आहे, आणि ते शहर व खेडे यांच्या संबंधाविषयी आहे. शहरातील सुखवस्तू माणसे खेड्यात जातात आणि तेथील माणूस राक्षस होऊन त्यांच्यावर तुटून पडतो, अशी कथा अमेरिकेत वारंवार का सांगितली जाते? ‘द टेक्सस चेनसॉ मॅसॅकर’मधील (१९७४) मारेकरी कुटुंब हे कत्तलखान्याच्या कामातून उठविले गेलेले आहे. शहराने खेड्याचे जे घेतले त्याची टोचणी शहरास असते. म्हणून ज्याचे घेतले त्यालाच राक्षस ठरविले की टोचणी बोथट होते, अशा आशयाचे क्लोव्हर यांचे प्रतिपादन आहे.

हे वाचून आपला आराखडा पुन्हा पाहावा. बंद घर कोणाचे? विद्यार्थ्यांच्या टिपणाप्रमाणे पूर्वीच्या खोताचे. भावंडे कोण? त्याचे वारस. संकासुराचा वेष कोण घेतो? नमन-खेळ्यांची परंपरा या जिल्ह्यात मुख्यतः कुणबी समाजाने सांभाळली आहे. आणि खोत व कुळे यांचा इतिहास येथे कोणास नवा नाही. डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात १९३७ साली मांडले. खोती निर्मूलनाचा कायदा होण्यास १९४९ साल उजाडले. म्हणजे विद्यार्थ्यांनी न कळत अशी कथा रचली होती की जीत खोताची नातवंडे निरपराध बळी आणि कुळाचा नातू मुखवट्याआडचा खुनी ठरतो. कोणाच्याही मनात तसे नव्हते. पण चित्रप्रकार उसना घेतला की त्याची न उच्चारलेली मते त्याबरोबर येतात, ती अशी. ज्या वाडीत हा चित्रपट चित्रित व्हावयाचा तेथील मुले पुढच्या शिमग्यात संकासुराकडे कोणत्या दृष्टीने पाहतील, याचाही विचार झाला नव्हता.

येथे वर्गात बराच वाद झाला. एक पक्ष म्हणे की भयपट हा भयपट आहे, त्यास सामाजिक शास्त्राचा तास करू नये. या म्हणण्यात तथ्य आहे. उपदेश करणारा मारेकरी कोणास भिववीत नाही. दुसऱ्या पक्षाने संकासुर वगळून साधा पांढरा मुखवटा घ्यावा असे सुचविले. परंतु मग रत्नागिरीत चित्रपट काढण्याचे प्रयोजनच उरत नाही.

वाट सापडली ती कोकणच्या भुतांत. आपल्याकडील भयाची कल्पना सीमेशी जोडलेली आहे. बागेला, वाडीला, गावाला राखणदार असतो. त्याची मर्यादा ओलांडली, वार्षिक राखण चुकली, तर तो त्रास देतो. येथवर त्याचे आणि पाठलागपटातील मारेकऱ्याचे साम्य आहे. दोघेही अतिक्रमणाची शिक्षा करतात. पण राखणदाराशी बोलता येते. नारळ ठेवून गाऱ्हाणे घालता येते, चूक कबूल करता येते, आणि ती कबुली ऐकली जाईल असा विश्वास असतो. अमेरिकन मुखवटेधाऱ्याशी बोलणे अशक्य. तो मुका आहे, आणि त्याची दहशत त्या मुकेपणातच आहे. तेव्हा ज्यास गाऱ्हाणे कसे घालावयाचे हे ठाऊक नाही, किंवा ज्यास चूक कबूल करावयाचीच नाही, अशा माणसाला राखणदारही मुका मारेकरीच वाटेल. भय कोठून येते या प्रश्नास हे या मातीतले उत्तर आहे, असे वाटते.

त्यावरून नवा आराखडा तयार झाला. संकासुर एका सायंकाळी पालखीबरोबर अंगणात येतो, नाचतो आणि जातो. तो खरा, आणि निरुपद्रवी. रात्री दिसतो तो दुसरा. बाव्हांच्या चित्रपटाप्रमाणे येथेही प्रश्न वारशाचा असून सातबाऱ्यावरील नावे कमी व्हावीत अशी इच्छा असणारा घरातीलच एकजण तो वेष चोरून घेतो. धाकटी बहीण त्यास ओळखते ती पाहून नव्हे, ऐकून: खऱ्या संकासुराच्या पायांत ताल होता, याच्या घुंगरांना ताल नाही. पडदा झाकून चित्रपट ऐकण्याचा जो अभ्यास झाला त्याचे हे फळ. हत्या पाचांवरून दोनांवर आल्या, आणि त्यांतील एक मागल्या पडवीच्या दाराआड होते.

तांत्रिक बाबींविषयी थोडे. जांभ्या दगडाच्या घरात भिंती प्रकाश गिळतात. ओटीवरील एका दिव्याने माजघर उजळत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. ओटी, माजघर, मागची पडवी आणि विहीर ही एका रेषेत असतील असे घर शोधावे, म्हणजे एका टोकाला कॅमेरा ठेवून दुसऱ्या टोकाचा उजेडाचा चौकोन दाखविता येतो व त्यात आकृती उभी करता येते. रातकिड्यांचा आवाज स्वतंत्रपणे, निदान अर्धा तास, ध्वनिमुद्रित करावा. तो एकाएकी थांबला की प्रेक्षक सावध होतो. कोयता लाकडाचा वा रबराचा असावा. खरा कोयता चित्रीकरणस्थळी आणूच नये, मग तो कितीही बोथट असो. रात्रीच्या चित्रीकरणाची पूर्वसूचना गावच्या पोलीसपाटलास आणि शेजारच्या बागांच्या रखवालदारांस द्यावी. फाल्गुनात आंबा राखणीला आलेला असतो, आणि मुखवटा घालून रात्री बागेत शिरणाऱ्यास चित्रपटातला समजून कोणी सोडणार नाही.

सार्वजनिक प्रदर्शन करावयाचे असल्यास १९५२ च्या कायद्यान्वये प्रमाणपत्र लागते. २०२३ च्या दुरुस्तीने पालकांच्या मार्गदर्शनाची अट असलेल्या वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन पोटभेद केले आहेत. निष्कारण हिंसा, क्रौर्य व भीषणता दाखवू नये असे १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. निष्कारण या शब्दाचा अर्थ लावण्यावर बरेच अवलंबून असते. पटकथेत प्रत्येक हत्येपुढे तिचे कारण एका वाक्यात लिहावे, अशी सूचना विद्यार्थ्यांना केली आहे. ते वाक्य लिहिता आले नाही म्हणूनच पहिल्या आराखड्यातील तीन हत्या गळाल्या.

एक अडचण उरली आहे. शिमगा परीक्षेच्या तोंडावर येतो, आणि पालखी कोणाच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. खेळ्यांच्या मंडळींशी बोलणे झाले असून पालखीच्या सायंकाळचे चित्रण त्यांच्या संमतीने, त्यांच्या मर्जीच्या अंतरावरून, याच फाल्गुनात करावयाचे ठरले आहे. चोरलेल्या वेषासाठी त्यांचा वेष मिळणार नाही; तो स्वतंत्रपणे शिवून घ्यावा असे त्यांनी सांगितले आणि ते योग्यच आहे. घरातील दृश्ये परीक्षेनंतर, वैशाखात होतील. अंगणात तेव्हा फाल्गुनातील मोहोर नसेल, झाडांना फळे लागलेली असतील. कॅलिफोर्नियातील त्या रंगविलेल्या पानांच्या पिशव्यांची आठवण विद्यार्थ्यांना करून दिली आहे. मोहोर कशाचा करावयाचा, यावर सध्या विचार चालू आहे.